वरची फळी

बोटीत झोपायची जागा कुठली धरावी, हा प्रश्न जुन्नरच्या त्या घरात त्याआधी कधी कोणाला पडला नव्हता. घरात समुद्र पाहिलेला माणूस एकच, कन्हैयालाल. त्यानं तो मुंबईला एकदा पाहिला होता, पण नेमकी ओहोटी होती, त्यामुळे त्याच्या आठवणीत समुद्र म्हणजे नुसता चिखल.

त्याचा धाकटा भाऊ चंपालाल एडनला एका कापडाच्या पेढीवर गेला, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. प्लेग ओसरून गाव पुन्हा भरू लागलं होतं तेव्हाची ही गोष्ट. तिकडे जम बसला तसं चंपालालनं बायकोला आणि मुलाला बोलावणं धाडलं. कन्हैयालाल दोघांना पोचवून परत येणार होता. मुंबईच्या अडत्यानं बोटीचा नकाशा पाठवला आणि कळवलं, की खोली आधी निवडलीत तर हवी ती मिळेल.

नकाशा वाचण्याजोगं घरात एकच माणूस होतं, चंपालालची बायको सुंदरबाई. पुण्याला मुलींच्या शाळेत मराठी पाच इयत्ता आणि इंग्रजीचं पहिलं पुस्तक, एवढी तिची विद्या. त्या पहिल्या पुस्तकात बोटीचं फक्त चित्र होतं. पण हे सासरी कोणाला माहीत नव्हतं, आणि तिनंही आपण होऊन सांगितलं नव्हतं.

दुपारची जेवणं झाल्यावर सगळी माजघरात बसली. कन्हैयालाल उंबऱ्यापलीकडे, भिंतीकडे तोंड करून. सुंदरबाई अलीकडे, पदर हनुवटीपर्यंत ओढून. मारवाडातून येऊन घराण्याला तीन पिढ्या झाल्या, बोली मराठी झाली, शेतकऱ्यांशी उठबस झाली. पण सुनेनं जेठाला, म्हणजे थोरल्या दिराला, तोंड दाखवायचं नाही आणि त्याच्याशी बोलायचंही नाही, ही चाल तशीच राहिली होती. काही सांगायचंच झालं तर ते मुलाला सांगायचं. मुलगा म्हणजे गुलाबचंद. नाव पेढीच्या पाटीवर शोभेल असं. दात अजून एकही नव्हता, आणि धरल्याशिवाय बसताही येत नव्हतं.

"आई, तिला विचार, बोटीचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं."

सुंदरबाई बाळाच्या कानाशी वाकली. "गुलाब, काकांना सांग, टोकदार आहे ते तोंड."

"तेवढं मलाही दिसतं," कन्हैयालाल भिंतीला म्हणाला.

सासूबाई, रुक्मिणीबाई, जपमाळ बाजूला ठेवून पुढे सरकल्या. "आधी भटारखाना कुठं आहे ते बघ. ते लोक काय काय शिजवतात. तुझ्या खोलीत वास आला, तर मी इथं बसून उपास धरीन."

"खिडकी पाहिजे," कन्हैयालाल म्हणाला. "दिवस बुडाल्यावर आपल्यात जेवत नाहीत. सूर्य आहे की मावळला, ते दिसल्याशिवाय जेवायचं कसं?"

साळुबाई कोपऱ्यात बाळाचं तेल कोमट करत होती. ती अवसरीची. बाळंतपणात अंग रगडायला म्हणून आली ती राहूनच गेली. "आमी अवसरीवरनं गाडीत येतो, तवा आसावर न्हाई बसत," ती म्हणाली. "लई आदळतं. पोरगं मांडीवर घ्यायचं आन मदी बसायचं."

"अगं, बोटीला आस नसतो," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"मग ती चालती कशावं?"

हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून रुक्मिणीबाईंनी माळ पुन्हा हातात घेतली.

सुंदरबाईचं बोट नकाशावरून फिरू लागलं. तोंडाशी असलेल्या खोल्या नकोत, लाटेवर आधी तोंडच उचलणार. शेपटाशी पाण्यात पंखा फिरतो असं अडत्यानं लिहिलं होतं, तिथं रात्रंदिवस धडधड. भटारखाना डाव्या अंगाला, म्हणून डावी बाजू गेली. बोट पश्चिमेला जाणार, थंडीचा सूर्य दक्षिणेकडून चालणार, म्हणजे उजव्या बाजूला सावली. बाळाला ऊन लागणार नाही. सूर्य मावळला की नाही, ते काका वर जाऊन बघतील. असं करत करत बोट एका खोलीवर येऊन थांबलं. खालचा मजला, अगदी मधली, उजव्या हाताची. बायकांची खोली, दोन फळ्यांची. खालची फळी तुमची, अडत्यानं लिहिलं होतं. वरची कोणाला जाईल, ते बोट सुटेपर्यंत सांगता येत नाही.

"गुलाब, काकांना सांग," ती म्हणाली, आणि आपल्याच आवाजातला तोरा ऐकून तिला जरा लाज वाटली, "जागा मीच निवडली आहे. काही झालं तर बोल मला लावा."

त्या रात्री तिला झोप लागली नाही ती या शेवटच्या वाक्यामुळे.

मुहूर्त आला तो बोटीच्या तारखेच्या बराच आधी. अशा वेळी प्रस्थान ठेवतात. निघणाऱ्याच्या अंगावरचं काहीतरी एका फडक्यात बांधायचं, सोबत सुपारी-हळकुंड, आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या दुसऱ्या कोणाच्या घरी मुहूर्तावर नेऊन ठेवायचं. तिथून पुढे माणूस निघाला असंच धरतात. देह मागाहून जातो एवढंच. सुंदरबाईची एक चोळी आणि गुलाबचंदचं एक झबलं लाल फडक्यात बांधून कस्तुरबाईंच्या घरी गेलं. कस्तुरबाई म्हणजे नात्यातल्या एक म्हाताऱ्या. घर गावाच्या पश्चिम टोकाला, गडाच्या बाजूला. त्या स्वतः महिनाभरासाठी मंचरला लेकीकडे गेल्या होत्या, किल्ली ठेवून.

"आता त्या घराकडे फिरकायचं नाही," रुक्मिणीबाईंनी बजावलं. "निघायच्या दिवशी प्रस्थान उचलायचं आणि मागं न बघता चालू लागायचं. मध्येच त्याच्याजवळ जाऊन बसलीस, म्हणजे तू गेलीसच."

सुंदरबाईनं मान हलवली. अशा वेळी ती नेहमीच मान हलवायची. शाळेमुळे पूर्ण विश्वास बसायचा नाही, आणि शाळा पाचवीतच सुटल्यामुळे पूर्ण अविश्वासही जमायचा नाही.

तिच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. सात फूट लांब, सहा फूट रुंद. नकाशात ही खोली बोटाच्या पेराहून लहान होती. खरी केवढी असेल? फळीवरून बाळ पडलं तर? ट्रंक ठेवल्यावर पाय ठेवायला जागा उरेल का? विचारायचं कोणाला? घरात सगळ्या जमिनीवर जोंधळ्याची पोती, आणि जमीन मोकळी असती तरी सासूबाई हसल्या असत्या.

कस्तुरबाईंच्या माडीवर एक मोकळी खोली होती. साळुबाई रोज दुपारी त्यांच्या पारव्यांना दाणे टाकायला तिकडे जायचीच. एका दुपारी सुंदरबाई बाळाला कडेवर घेऊन तिच्याबरोबर निघाली. पदराखाली रांगोळीचा डबा आणि शिंप्याचं माप होतं.

"वैनी, सासूबाई काय म्हनल्या व्हत्या?"

"मी प्रस्थानाला हात लावणार नाही, साळुबाई. नुसती जमीन मोजायची आहे."

"जमीन," साळुबाई म्हणाली. "शिकल्यालं मानूस. आमी आपलं दानं टाकतो."

मार्गशीर्षाचे दिवस. गडाची सावली त्या आळीवर लवकर उतरते. गावात अजून ऊन होतं, पण कस्तुरबाईंच्या माडीत संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. खोलीला एकच दार, खिडकी नाही. भिंतीला छातीएवढ्या उंचीवर एक लांब फळी ठोकलेली, आणि तिच्यावर लाल फडक्याचं गाठोडं. सुंदरबाईनं ते पाहिलं आणि नजर वळवली. मग तिला वाटलं, फळी आहे तर बरंच झालं. हीच वरची फळी धरू. खालची हिच्याखाली आखू.

बाळाला दुपट्यावर ठेवून तिनं माप लावलं आणि रांगोळी सोडली. सात फूट. सहा फूट. फळीखाली झोपायची जागा. पायाशी ट्रंक. समोरच्या भिंतीवर धूळ होती, तिच्यात ओल्या बोटानं एक गोल काढला. बोटीच्या खिडक्या गोल असतात, हे तिनं चित्रात पाहिलं होतं. मग शेवटची रेघ ओढत आणून पहिल्या टोकाला मिळवली. उघड्या रेघेतून घरातलं बाहेर जातं, रेघ नेहमी मिटवायची, हे तिच्या आईनं बोट धरून शिकवलं होतं. हातानं ते आपणहून केलं. डोक्याला विचारलं नाही.

ती बाळाला घेऊन आत बसली. एवढी काही लहान नव्हती जागा. बाळ भिंतीकडे झोपवलं, आपण कडेला झोपलं, की पडायची भीती नाही. तिला बरं वाटलं. उगाच काळजी केली. पाठ टेकून बघावी म्हणून ती रांगोळीच्या फळीवर आडवी झाली, गुलाबचंदला कुशीत घेतलं, आणि सवयीनं अंगाई म्हणू लागली. ती तिच्या माहेरची होती, तिच्या आईनं जुळवलेली. सासरी ती भिंतीपलीकडून सगळ्यांना ऐकू जायची.

"लावली कडी, लावलं दार,
वारा राहिला उंबऱ्यापार,
आत मी नि माझं बाळ."

खाली अंगणात पारव्यांचे पंख वाजत होते. साळुबाई त्यांना शिव्या देत दाणे टाकत होती. मग तो आवाज हळूहळू लांब गेला. त्याच्या जागी दुसरा आला, जमिनीखालून. मोठं जातं कोणीतरी न थांबता ओढत राहावं तशी घरघर. सुंदरबाईला वाटलं, शेजारी दळण काढलं असेल. घरघर पाठीला लागत होती. दातांना लागत होती.

वास बदलला. बंद खोलीचा धुळकट वास जाऊन ओल्या मिठाच्या पोत्यासारखा वास आला, आणि त्यात कोळशाचा धूर.

तिनं मान वळवली. भिंतीवरचा गोल हिरवट उजळला होता. त्या उजेडात काहीतरी चढत होतं आणि उतरत होतं, चढत होतं आणि उतरत होतं.

ती उठून बसली. बाळाला छातीशी धरलं. चल, पुरे झालं मोजणं, असं मनाशी म्हणत तिनं पाय उचलला आणि रेघेबाहेर टाकायला गेली.

पाय पलीकडे गेला नाही.

कशाला अडला, तेही कळलं नाही. डोळ्यांना तिथं काही दिसत नव्हतं. पलीकडे तीच खोली, तेच दार, सगळं दोन हातांवर. पण बोटांना थंड लोखंड लागलं. ती रेघेरेघेनं हात फिरवत सगळीकडून गेली. फळीच्या बाजूनं, पायाच्या बाजूनं, उशाच्या बाजूनं. आणि मग तिच्या लक्षात आलं. या खोलीला तिनं दार काढलंच नव्हतं.

ती वाकली आणि बोटानं रेघ पुसू लागली. साधी रांगोळी, फुंकरीनं उडणारी. बोट घासून घासून हुळहुळलं, टोकाचं कातडं गेलं. रेघ जागची हलली नाही.

"साळुबाई…"

आवाज तोंडाशीच राहिला, गोधडीत तोंड खुपसून बोलावं तसा.

"साळुबाई… वर ये…"

जिन्यावर पावलं वाजली. दार ढकललं गेलं. साळुबाई उंबऱ्यात उभी राहिली, दाण्यांचं रिकामं सूप कमरेला लावून. तिनं खोलीभर पाहिलं. सुंदरबाईच्या तोंडावरून तिची नजर गेली, बाळावरून गेली, फळीवरच्या गाठोड्यावर थांबली, परत आली.

"साळुबाई, मी इथं आहे… अगं, इथं…"

"गेल्या वाटतं घरला," साळुबाई स्वतःशीच म्हणाली. "सांगून तरी जायचं." आणि तिनं दार ओढून घेतलं. बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला.

हिरवट उजेड तेवढा राहिला. चढत होता, उतरत होता. सुंदरबाई रांगोळीच्या फळीवर बसून राहिली. आपण ओरडतो आहोत की नाही, हेही तिला नीट कळेना. गुलाबचंद मात्र रडत नव्हता. तो वर बघत होता.

वरच्या फळीवर कोणीतरी कूस बदलली. लाकूड करकरलं.

मग अगदी हलकेच, झोपेत म्हणावं तसं, वरून आवाज आला.

"लावली कडी… लावलं दार…"

ती अंगाई तिच्या आईला येत होती आणि तिला येत होती. तिसऱ्या कोणाला येत नव्हती.

"कोण आहे?"

अंगाई थांबली. "घाबरू नकोस," वरचा आवाज म्हणाला. दमलेला, मऊ आवाज होता तो. "जागा चांगली आहे. इथं कमी हलतं. जागा मीच निवडली."

सुंदरबाईनं बाळाला आणखी जवळ ओढलं.

"खाली ओल येते… बाळ वर दे."

तिनं खाली पाहिलं. पावलांना गार लागत होतं. रांगोळीच्या रेघेच्या आतून पाणी वर येत होतं, काळं, सावकाश; लुगड्याची किनार भिजून जड झाली होती. रेघेबाहेरची जमीन कोरडी ठणठणीत होती.

"दे ना वर… मी नीट धरते. मला सवय आहे."

आणि सगळ्यात भयंकर हे होतं, की सुंदरबाईचे हात उचलले गेले. त्या आवाजावर तिचा विश्वास बसत होता. तो आवाज बाळाला इजा करणार नाही, हे तिला आतून पक्कं माहीत होतं. तो फक्त बाळाला सोडणार नाही. कधीच नाही.

पाणी घोट्यावर आलं. गुलाबचंदनं वर बघून हसून हात पुढे केले.

त्या क्षणी तिच्या डोक्यात सासूबाईंचं वाक्य आलं. तू गेलीसच. गेलीस ती कशानं? चोळीनं आणि झबल्यानं. बाळ निघालं आहे ते त्या झबल्यामुळे. झबलं परत अंगावर आलं, तर बाळ निघालेलं नाही.

तिनं डावा हात बाळाभोवती आवळला आणि उजवा वर, फळीवरच्या अंधारात घातला. फडक्याची गाठ हाताला लागली. गाठीशेजारी एक मनगट लागलं. ओलं, थंडगार. त्यावर तिच्यासारख्याच बांगड्या होत्या. त्या मनगटानं तिचा हात ओढला नाही, ढकललाही नाही. बोटं नुसती तिच्या बोटांवर येऊन बसली आणि राहिली, झोपलेल्या मुलाच्या हातावर आई हात ठेवते तशी. सुंदरबाईनं डोळे मिटले, गाठीत बोट घातलं, मऊ कापड लागलं तेवढं ओढून काढलं.

चोळी आत राहिली. चोळीचा विचार तिच्या मनात आलाच नाही.

तिनं झबलं बाळाच्या डोक्यातून घातलं. एक हात अडकला, तो तसाच राहू दिला. आणि बाळाला दोन्ही हातांनी रेघेवर धरून पुढे सारलं. लोखंड आडवं आलं नाही. बाळ पलीकडे कोरड्या जमिनीवर उतरलं, कलंडलं, आणि जन्मात रडलं नसेल असं मोठ्यांदा रडलं.

तिनं स्वतःचा हात त्याच्यामागे घातला. हात लोखंडावर आपटला.

वरती कोणीतरी श्वास सोडला. "बरं," आवाज म्हणाला. "मग आपण दोघीच."

कडी वाजली. साळुबाई धावत आत आली, बाळाला उचलायला वाकली, आणि तिचा धुळीचा पाय रेघेवर पडून रांगोळी फरपटली. सुंदरबाई तिच्या अंगावरच कोसळली.

लुगडं कोरडं होतं. भिंतीवर धुळीतला गोल होता, बोटानं काढलेला. अंगणात पारवे घुमत होते.

"आधी निस्तं पोरगं दिसलं, वैनी," साळुबाई बाळाला थोपटत म्हणाली. "चौकोनाच्या भाईर, एकलंच पडल्यालं. आत कुनी नव्हतं. देवाशपथ नव्हतं. माजा पाय पडला… तवा तुमी दिसल्या."

घरी आल्यावर सुंदरबाई एवढंच म्हणाली, की मी जात नाही. का, ते तिनं सांगितलं नाही. आणि ती इतकी पांढरी पडली होती, की रुक्मिणीबाईंनीही पुन्हा विचारलं नाही. बोटीचं भाडं भरून झालं होतं. तेव्हा कन्हैयालालनं एकट्यानंच जावं, भावाला भेटावं, निवडलेली खोली अडत्याकरवी आपल्या नावावर करून त्यानंच वापरावी, असं ठरलं.

"आणि प्रस्थान?" त्यानं विचारलं.

"ठेवलेलं प्रस्थान घरात परत येत नाही," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "निघालेलं आहे ते. तूच घेऊन जा आणि चंपाला दे."

सुंदरबाई पदराआड उठून उभी राहिली. नेऊ नका, त्याला हात लावू नका, हे तिच्या ओठांवर होतं. ती बाळाच्या कानाशी वाकली. "गुलाब, काकांना सांग…" आणि पुढे काय सांगायचं? कुठल्या शब्दात? लहान मुलाच्या तोंडी घालून सांगता येण्यासारखी ती गोष्ट नव्हती. ती थांबली. कन्हैयालाल थोडा वेळ वाट बघून उठला.

त्या दुपारपासून आणखी एक झालं. तिला अंगाई म्हणता येईना. शब्द सगळे आठवत होते. पाळण्याची दोरी हातात घेऊन ती तोंड उघडायची, आणि गळ्यातून हवा तेवढी यायची. साळुबाई बाळाला झोपवू लागली, अवसरीच्या ओव्या म्हणून.

कन्हैयालाल चैत्रात परतला. वाळलेला, गप्प. दिवस असतानाच जेवणं झाली, दिवेलागणीला सगळी माजघरात बसली. तो नेहमीसारखा उंबऱ्यापलीकडे, भिंतीकडे तोंड करून.

"आई, तिला सांग," तो म्हणाला, "खोली चांगली होती. बाकी लोक ओकून हैराण झाले. तिथं फारसं हललंच नाही."

"मग तुझं तोंड असं का?"

"वरची फळी रिकामी होती," तो म्हणाला, "म्हणून गाठोडं मी वर ठेवलं."

सुंदरबाईचा हात पाळण्याच्या दोरीवर थांबला.

"पहिल्याच रात्री वर कोणी गाऊ लागलं. दिवा वर केला, तर गाठोडं तेवढं. दिवा खाली आणला, की परत…" "तुझ्या सुनेचा आवाज मी फक्त बाळाच्या कानाशी बोलताना ऐकला आहे, आई. ती माझ्याशी बोलतच नाही. पण तिची अंगाई या भिंतीतून रोज ऐकली आहे. तीच होती."

रुक्मिणीबाईंची माळ हातातून खाली पडली. कोणी उचलली नाही.

"उतरताना गाठोडं घ्यायला गेलो. दार आतून लावलेलं. खलाशाला बोलावलं, तर तो म्हणाला, आत बाई आहेत. जागा मीच निवडली, म्हणतात." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मी पुन्हा मागितलं नाही. बोट तशीच परत फिरली. महिन्याला एक खेप करते म्हणे, मुंबई ते एडन, एडन ते मुंबई."

तेव्हा सुंदरबाईनं पदर मागे टाकला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ती जेठाशी बोलली, मध्ये कोणाला न घालता.

"बाळाचा आवाज होता का?"

कन्हैयालाल वळला नाही. "नाही," तो भिंतीला म्हणाला. "बाळ नव्हतं. ती दोन ओळी म्हणायची, आणि तिसरी सुरू करायची. ‘आत मी’ म्हणायची, आणि थांबायची. पुन्हा पहिल्यापासून."

सुंदरबाईनं डोळे मिटले. बाळ नव्हतं. एवढं तिला पुरेसं होतं. एवढं पुरेसं आहे, असं ती स्वतःला सांगत राहिली.

साळुबाईनं पाळण्यात वाकून बघितलं. गुलाबचंद जागाच होता. त्याला आता दोन दात आले होते, आणि त्या दिवसांत तो शब्द जुळवत होता.

"वल," तो म्हणाला.

"बगा, बोलला," साळुबाई हसली. "वर घ्या म्हनतोय."

तिनं हात पुढे केले. पण त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही. तो तिच्या डोक्यावरून, छताखालच्या रिकाम्या अंधाराकडे बघत होता, आणि त्यानं दोन्ही हात वर उचलून धरले होते.